इन्शिराहची रन्ना

इन्शिराहचं नाव निघालं की आमच्या ऑफिसात लोक हसायला लागतात आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. हे आधीच सांगते, म्हणजे मी तिच्याबद्दल जे बोलेन त्यातलं किती घ्यायचं ते तुम्हीच ठरवा.

अलेक्झांड्रियात घरपोच औषधं मागवायचं एक अ‍ॅप आम्ही बनवतो. त्यातले बग शोधायचे आणि लिहून द्यायचे, हे माझं चौदा वर्षांचं काम. इन्शिराह आली ती औषधाच्या दुकानातल्या काउंटरवरून. आमचे साहेब, उस्ताझ वजीह, म्हणाले, "गिऱ्हाईक कुठे अडतं ते हिला ठाऊक आहे." सहा महिन्यांच्या बोलीवर तिला घेतलं.

मी बग लिहिते तो पायरी एक, पायरी दोन असा. ती लिहायची, "मंगळवार, असरच्या नमाजानंतर. ट्राममध्ये उभी होते, हातात कलेजीचं सँडविच, अंगठा तेलकट. सासूबाईंच्या गोळ्या मागवत होते..." माझा कागद बघून मान वर न करता "माझ्याकडे तर चालतंय, अब्ला निहाल" (म्हणजे निहालताई) म्हणणारा रऊफ इंजिनियर तिच्याकडे खुर्ची ओढून बसायचा. "मग? सासूबाई काय म्हणाल्या?" आणि त्या बडबडीतून बग सापडायचा! माझा नुसता तीळपापड व्हायचा.

त्यात तिचा तो फोन. एकदा वाजायचा आणि गप्प. आमच्याकडे याला रन्ना म्हणतात. उचलायची नाही, समजून घ्यायची. नवरा बक्री मायक्रोबस चालवतो; संध्याकाळी त्याची रन्ना आली म्हणजे तो खाली उभा. दुपारीही एक यायची.

"आता कशाची?" मी एकदा विचारलं.

"उगीच, अब्ला. आठवण आली असेल." अडतिसाव्या वर्षी बाई लाजली.

मला साहेबांशिवाय कुणाचा फोन येत नाही. आलाच तर पूर्ण वाजतो, मी उचलते, काम होतं, संपतं.

मग काही गिऱ्हाइकांकडे एका मागणीची औषधं दोनदा जायला लागली. हजारात एखाद्याकडेच. तीन आठवडे मी डोकं फोडलं, माझ्या हातून एकदाही तसं घडेना. साहेबांनी काम इन्शिराहला दिलं. दोन दिवसांत तिने लिहिलं, "मागणी पाठवायचं बटण दाबलं आणि तेवढ्यात बक्रीची रन्ना आली. इन्सुलिन दोनदा गेलं."

आमच्याकडे नियम असा की बोलीवरच्या माणसाच्या तीन बगांवर 'पुन्हा घडत नाही' असा शेरा पडला की त्याला नारळ. तिच्या दोन बगांवर तो आधीच पडला होता. हा तिसरा तपासायला माझ्याकडे आला.

मी तपासला, अगदी प्रामाणिकपणे. ऑफिसच्या दुसऱ्या फोनवरून स्वतःला फोन लावला, वाजू दिला, उचलला. मागणी एकदाच गेली. पुन्हा लावला, थकून बंद पडेपर्यंत वाजू दिला. तरी एकदाच.

"पण रन्ना उचलायची नसते हो, अब्ला! आणि इतकी वाजूही द्यायची नसते," इन्शिराह म्हणाली.

"आमच्या घरी फोन आला की उचलायची पद्धत आहे."

सगळे हसले. या खेपेला माझ्या बोलण्यावर हसले, आणि मला ते फार गोड लागलं. त्या भरात मी शेरा मारून टाकला. तिने जेवणाचा डबा न उघडताच पिशवीत परत ठेवला.

गुरुवारी तिचा निकाल होता. सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. का, ते मला विचारू नका. दोन्ही फोन टेबलावर मांडले. उजव्या हाताने मागणी पाठवली, डाव्या हाताने स्वतःलाच फोन लावला, एकदा वाजताच कापला.

मागणी दोनदा गेली.

आणखी तीनदा केलं. तिन्ही वेळा दोनदा. चौदा वर्षांत मला कुणी एक रन्ना दिली असती, तर हा बग मी पहिल्याच दिवशी पकडला असता. रिकाम्या ऑफिसात मी रडले. बगासाठी नाही.

कुणी पाहिलं नव्हतं. शेरा तसाच ठेवला असता तर पुढच्या आठवड्यात तिची खुर्ची रिकामी झाली असती, ट्राममधल्या गोष्टी संपल्या असत्या. मी तसं ठेवणारच होते. खरं सांगते, ठेवणारच होते. तेवढ्यात साहेब, रऊफ आणि मागून इन्शिराह अशी तिघं आत आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"काय निहाल, शेरा कायम?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "घडतंय. तिने लिहिलंय तस्संच."

इन्शिराहने टाळी वाजवली. सुजल्या डोळ्यांनी हसत म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही रन्ना आली! कुणाची हो, अब्ला?"

रऊफ डोळे मिचकावत पुढे आला. "हो हो, नाव सांगा!"

"भावाची," मी म्हणाले. मला भाऊ नाही.

ऑफिसचा फोन टेबलावर उघडाच पडला होता. लावलेल्या फोनांच्या यादीत आज सकाळी एकाखाली एक चार वेळा माझंच नाव. इन्शिराहने ते पाहिलं. मग पिशवी खांद्यावरून काढून अलगद त्या फोनवर ठेवली आणि रऊफकडे वळली.

"भावाचीच असणार. काल संध्याकाळीही आली होती, मी इथेच बसले होते," ती म्हणाली. "चल, तू आधी तुझं मशीन लाव."

तिच्या लिखाणाचा आणि नवऱ्याचा मला हेवा होताच. आता या बाईच्या चांगुलपणाचाही वाटतो, आणि त्यावर मारायला माझ्याकडे कुठलाच शेरा नाही.