हात भरून वत

"वत. हात भरून वत. पाण्याला काय भेतूस?"

असं म्हणत फादर पांढऱ्या झग्याच्या बाह्या मागे सारायचे आणि दोन्ही हात पुढे करायचे. वत म्हणजे ओत. त्यांचा जन्म गंगापूरकडचा. प्रार्थना ते शुद्ध मराठीत म्हणायचे, पण पाणी मागताना जिभेवर गाव यायचं. मग एखादा कैदी स्टीलच्या ग्लासातून धार धरायचा, दुसरा खाली भांडं धरायचा आणि फादर नुकतेच शेतातून आल्यासारखे हात चोळून धुवायचे.

मी हर्सूलच्या जेलमध्ये हवालदार होतो. ख्रिस्ती कैद्यांसाठी फादर दर महिन्याला मिस्सा करायला यायचे. मिस्सा म्हणजे त्यांची मुख्य उपासना. फादरांना गेटपासून हॉलपर्यंत नेणं, काचेची वस्तू आत जाऊ न देणं आणि सगळं आटपेपर्यंत दाराशी उभं राहणं ही माझी ड्युटी. आधी मला त्याचा कंटाळा यायचा, हे खोटं कशाला सांगू.

तुम्ही जेल आतून पाहिलं नसेल आणि न पाहिलेलंच बरं. आत भेटतो तो प्रत्येक जण निर्दोष असतो. 'आपण काय केलं नाय, साहेब' हे ऐकून माझे कान किटले होते. अशा ठिकाणी बाहेरून एक स्वच्छ म्हातारा माणूस येतो आणि सगळ्यांदेखत हात धुतो, याची मला गंमत वाटायची. एकदा मी विचारलंच, घरून हात धुऊन येत नाही का?

फादर पोट धरून हसले. मग म्हणाले, की पूर्वी लोक वेदीपाशी धान्य, फळं, असेल ते आणून द्यायचे. ते घेताना हात मळायचे, म्हणून धुवावे लागत, असं सांगतात. आता हात मळत नाहीत, तरी धुवायचे. धुताना ते पुटपुटायचे तेही त्यांनी मला सांगितलं. प्रभो, माझा अपराध धुऊन टाक.

तुमचा कसला अपराध, असं मी म्हणालो.

"माझी फाईल कुठं बघितलीय तुम्ही?"

मग मीही माझं ज्ञान पाजळलं. येशूच्या मरणाचा देखावा मी एकदा लासूर स्टेशनला पाहिला होता. त्यातला सुभेदार येशूला मरणाच्या हवाली करतो आणि लोकांसमोर हात धुऊन मोकळा होतो. हे तेच का, असं मी विचारलं. फादरांचं हसू मावळलं.

"त्यानं सुटायला धुतले, हवालदार. आपण धरायला धुवायचे."

पुढे देवाची भाकर हातात घ्यायची असते, म्हणून धरायला, इतकंच मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे एक जन्मठेपेचा कैदी होता. गंगापूर तालुक्यातला, म्हणून आम्ही त्याला 'गंगापूर'च म्हणायचो. शेताच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी जुंपली आणि रागाच्या भरात त्यानं भावाच्या डोक्यात फावडं घातलं. मी केलं म्हणून सांगणारा तो एकटाच माझ्या पाहण्यात आला. एकदा त्यानं मला पाण्याचा ग्लास डाव्या हातानं दिला. मी भडकलो, रीतभात आहे की नाही म्हणून झापलं. तो मान खाली घालून म्हणाला, "उजवा चालत नाय, साहेब." मला वाटलं लकवा असेल. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. मग त्याच्या बराकीतल्या एका म्हाताऱ्यानं मला समजावलं. फावडं उजव्या हातात होतं. तेव्हापासून हा जेवायचाही डाव्या हातानंच.

फादरांच्या हे दुसऱ्याच गोष्टीवरून लक्षात आलं. सगळे उजव्या हातानं कपाळावर, छातीवर क्रुसाची खूण करायचे. हा करायचा नाही. एकमेकांना 'शांती असो' म्हणून शांती द्यायची वेळ आली की सगळे हात जोडायचे, आणि हा नुसता डावा हात छातीवर ठेवायचा.

नाताळच्या मिस्सेला फादरांनी पाण्यासाठी त्यालाच पुढे बोलावलं. त्यानं डाव्या हातात ग्लास घेतला. फादरांनी ओंजळ पुढे केली आणि हळूच म्हणाले, "उजव्यानं."

"नाय व्हायचं, फादर."

"मग मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. कैदी मोजायची वेळ होत आली होती, मला घाई करायला हवी होती, पण मी घड्याळाकडे बघणं सोडलं. फादरांचे हात अवघडून थरथरायला लागले, तरी त्यांनी ते खाली घेतले नाहीत. त्या माणसाच्या कपाळावर थंडीतही घाम आला होता. शेवटी त्यानं ग्लास उजव्या हातात घेतला. हात इतका कापत होता, की निम्मं पाणी फादरांच्या झग्यावर आणि फरशीवर गेलं.

"वत. हात भरून वत."

एरवी मनात म्हणायची प्रार्थना फादर त्या दिवशी मोठ्यानं म्हणाले. माझा अपराध धुऊन टाक. कुणाचा अपराध, कुणाचं पाणी, काही वेगळं राहिलं नव्हतं. मी त्या धर्माचा नाही, पण दाराशी उभ्या उभ्या मी टोपी काढली. थोड्या वेळानं शांती द्यायची वेळ आली, तेव्हा 'गंगापूर'नं दोन्ही हात जोडले.

वापरलेलं पाणी फादर मोरीत टाकू द्यायचे नाहीत. हॉलच्या मागे लिंबाचं रोप होतं, त्याच्या मुळाशी ते घालायला लावायचे. नाताळपासून ते काम 'गंगापूर'कडे आलं. रोपाचं झाड झालं. फादरांना मात्र कंपवातानं गाठलं. शेवटच्या मिस्सेला त्यांना ओंजळच धरता येईना, बोटं आपोआप हलत होती. तेव्हा 'गंगापूर'नं न सांगता उजव्या हातात त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले आणि डाव्यानं पाणी घातलं. फादरांनी माझ्याकडे पाहिलं.

"बघा हवालदार. धरायला."

त्यानंतर ते आले नाहीत. छावणीतल्या चर्चमध्ये मी त्यांच्या मातीला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी 'गंगापूर' बागेत आळी करत होता, त्याला मीच सांगितलं. तो रडला नाही. त्यानं खुरपं खाली ठेवलं.

"अंघोळ घालताना त्यांचे हात कुणी धुतले, साहेब?"

मला माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो.

तो उठला. नळावर उजवा हात धुतला, मग डावा. ग्लास भरून घेतला आणि लिंबाच्या झाडापाशी गेला. ग्लास धरलेला उजवा हात पुढे करून तो तसाच उभा राहिला. पाणी काही पडेना.

मी जवळ गेलो आणि म्हणालो, "वत. हात भरून वत."