पास्कलचा डावा पाय आणि आमची विजोड सायकल

जुने पार्ट गोळा करणाऱ्याच्या घरात दोन गोष्टी वाढत जातात. एक भंगार, दुसरे किस्से. भंगार बायको कधी ना कधी बाहेर काढते, किस्से मात्र कोणीच नेत नाही. मग ते असे मित्रांच्या गळ्यात मारावे लागतात!

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात जमतो आणि मिळतील त्या जुन्या पार्टांतून सायकली बांधतो. गाळा सावंतकाकांच्या भाच्याचा. काका रिटायर्ड टर्नर, जन्म लेथवर गेलेला. केसाएवढा फरक बोटाने कळतो असं ते स्वतःच सांगतात, आणि वाईट म्हणजे ते खरं आहे. शुभांगी घोडबंदर रोडला फिजिओथेरपिस्ट. मी डोंबिवलीचा, ऑफिसात कीबोर्ड बडवणारा. आणि चौथा पास्कल.

पास्कल एकसष्टचा, घोडबंदरच्या टॉवरांमागे उरलेल्या गावठाणात, जुन्या ओट्याच्या घरात राहणारा. तीस वर्षं कंपनीत सायकलने गेला. मग अपघात झाला आणि डावा गुडघा पुरता वाकेनासा झाला. शुभांगीचा पेशंट म्हणून तो आमच्याकडे आला. पहिल्याच रविवारी त्याने स्पष्ट सांगितलं, "मना चर्चला सायकलवर जायाचं हाय. रिक्षातून उतरताना सगले हात देतात. तो हात मना नको."

काकांनी चष्मा पुसला आणि ते कामाला लागले.

*

काम म्हणजे आधी माप. शुभांगीने तिची प्लास्टिकची कोन मोजायची पट्टी गुडघ्याला लावली. काकांनी कपाटातून कारखान्यातला स्टीलचा कोनमापक काढला. दोघांच्या मापात दीड डिग्रीचा फरक!

"काका, हा गुडघा आहे. दीड डिग्री चालते," शुभांगी म्हणाली.

"माझ्याकडे नाही चालत," काका म्हणाले. "पास्कल, हलू नको. मशीनवरचा जॉब हलला की माप चुकतं!"

"मी जॉब नाय," पास्कल ओरडला, "मी पास्कल हाय!"

निष्कर्ष एवढाच निघाला की डाव्या पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, लहान मुलांच्या सायकलीएवढा आखूड पाहिजे. मग पाय गुडघ्याला झेपेल तेवढाच वर जाईल. उजवा नेहमीचाच ठेवायचा.

*

तो आखूड क्रँक शोधायला मी कल्याणला गेलेलो. स्टेशनजवळ एक म्हातारे दुकानदार आहेत, त्यांच्याकडे डब्यांत अजून जुना माल मिळतो. मी म्हटलं, "लहान सायकलचा डावा क्रँक द्या. एकच."

"जोडी घ्या."

"एकच पाहिजे हो. उजवा मोठाच लावणार."

त्यांनी मला चपलेपासून केसांपर्यंत नीट बघून घेतलं. "साहेब, तुम्ही सायकल बनवताय की कोणाचा बदला घेताय?"

मी पास्कलची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, आत जाऊन तीन क्रँक आणले, तिन्ही माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "जो बसेल तो ठेवा, बाकीचे आणून द्या." अशी माणसं अजून आहेत, म्हणून आमचं चालतं.

*

फ्रेमची गंमत त्याहून मोठी. पास्कलला जुनी, उंच, जाड नळीचीच फ्रेम हवी होती. तशी एक माझ्या डोळ्यासमोर होती. आमच्या गल्लीतल्या जोशीकाकूंच्या अंगणात ती उभी होती आणि तिच्यावर कारल्याचा वेल चढवलेला होता!

मी मागायला गेलो. काकू म्हणाल्या, "न्या की. पण कारली संपल्यावर."

"काकू, मी मांडव बांधून देतो."

"वेल हलवला तर रुसतो. थांबा जरा."

मग काय, थांबलो. दर रविवारी गाळ्यात पाऊल टाकलं की पास्कलचा पहिला प्रश्न, "कारली संपली काय?" मी मान हलवायचो. सव्वा दोन महिने एका माणसाचं स्वप्न डोंबिवलीत कारल्याखाली अडकून पडलेलं! काकू अधूनमधून मला पिशवीभर कारली द्यायच्या. लवकर संपावीत म्हणून मी घरात रोज भाजी करायला लावली. बायको अजून त्यावरून बोलते.

*

शेवटी फ्रेम मिळाली. मित्राच्या स्कूटरवर मागे बसून, ती गळ्यात अडकवून मी ठाण्याला निघालो. शीळफाट्याला नेहमीसारखं ट्रॅफिक तुंबलेलं. शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर बराच वेळ वरून बघत होता. मग त्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "भाऊ, बाकीची सायकल कुठं पडली? मागे जाऊन बघू का?"

*

सायकल जुळायला लागली. पुढचं चाक एकीचं, मागचं दुसरीचं, हँडल तिसरीचं. तेव्हा एकदा पास्कलची बायको ट्रेसा गाळ्यात आली. तिला हा प्रकार सुरुवातीपासून पसंत नव्हता. अपघातानंतर तिनेच त्याला चार महिने उचलून बसवलेलं. तिने सायकलभोवती एक चक्कर मारली.

"पुढचं चाक मोठं, मागचं लहान. एक पेडल लांब, एक आखूड. सायकल पन लंगडीच केली तुमी!"

शुभांगीने खाली बघितलं. पास्कल मात्र हसला. सीटवर थाप मारून म्हणाला, "म्हनून तर मना बसते."

ट्रेसा जाताना डबा ठेवून गेली आणि त्यात चौघांना पुरेल एवढं होतं.

*

आणि मग तो रविवार. ट्रेसा रिक्षाने पुढे येऊन चर्चच्या आवारात उभी होती. हातात प्रार्थनेचं पुस्तक, नजर रस्त्यावर. आम्ही तिघं फाटकाशी. मिस्साला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, यायला लागलेली माणसंही थांबली होती, कारण बातमी गावठाणभर झालेली!

पास्कल आला. पांढरा शर्ट, ताठ पाठ, सतत वाजणारी घंटी. फाटकातून झोकात आत शिरला. टाळ्या पडल्या. मला रडूच आलं. त्याने आवाराला एक फेरी मारली. मग दुसरी.

"पास्कल, थांब की आता!" कोणीतरी म्हणालं.

"थांबू कसा?" पास्कल ओरडला.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. गाळ्याबाहेर गुडघाभर उंचीचा ओटा आहे. सगळ्या ट्रायल तिथून झालेल्या. पास्कल ओट्यावरून सायकलवर बसायचा, फेरी मारायचा आणि ओट्यावर पाय टेकून उतरायचा. चर्चचं आवार सगळं सपाट, पाय टेकायला एक पायरीही नाही. पाय वर कसा जाईल ते आम्ही दीड डिग्रीपर्यंत मोजलेलं. खाली कसा येईल, ते कोणीच बघितलं नव्हतं!

दोन दणकट माणसं हात पुढे करून धावली. "हात काढा!" पास्कल गरजला. ती मागे सरली. तिसरी फेरी.

फादर बाहेर आले. "पास्कल, मिस्साची वेळ झाली!"

"तुमी चालू करा फादर, मी ऐकतो!"

चौथ्या फेरीला त्याचा श्वास ऐकू यायला लागला. काका घामाघूम झालेले. मी मनातून पार हादरलो होतो. तो पडला असता तर सगळं संपलं असतं, आणि कोणी त्याला धरून उतरवलं असतं तरी संपलंच असतं.

तेवढ्यात ट्रेसाने पुस्तक पर्समध्ये टाकलं आणि पदर खोचला. सायकल समोर आली तशी चार पावलं धावली आणि चालत्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर एका बाजूला टुणकन बसली. सायकल जरा हेलपाटली, मग सरळ झाली.

"घरी चल," ट्रेसा म्हणाली. "ओटा तिकडं हाय."