अट्रॅक्टाच्या हाताचं माप

अट्रॅक्टा क्विग्लीच्या दुकानात हातमोजे घ्यायला गेलात, तर आधी बादलीत हात घालावा लागतो. बादलीत समुद्राचं पाणी असतं, रोज सकाळी ती स्वतः धक्क्यावरून भरून आणते. दोन मिनिटं हात बुडवून उभं राहायचं, मग पुसायचा आणि मगच मोजा घालून बघायचा.

"उबदार हात खोटं बोलतो," ती म्हणते. "दुकानात कुठलाही मोजा बरोबरच बसतो."

माझी गाडी तिच्या दाराला लागूनच उभी असते. मी मालाकी ब्रेस्लिन. गेली सव्वीस वर्षं या धक्क्यावर मासे आणि बटाटे तळतोय. अट्रॅक्टा सर्फिंगचं सामान विकते, पण फळी घेऊन लाटांवर मी कधी गेलो नाही आणि जाणारही नाही. आयर्लंडच्या उत्तरेला, आमच्या डोनेगलच्या समुद्रात भर हिवाळ्यात आपण होऊन उतरणाऱ्या माणसांच्या डोक्यात काय असतं, ते मला अजून उमगलेलं नाही. पण मला चौकशीची खोड आहे. गिऱ्हाईक नसलं की मी खिडकीवर कोपरं टेकतो आणि तिच्या दुकानात काय चाललंय ते बघत बसतो. फुकटची करमणूक असते.

एकदा डब्लिनहून एक दातांचा डॉक्टर आला होता. नवी फळी, नवा रबरी सूट, सगळं कोरं करकरीत.

"सगळ्यात जाड मोजे द्या," तो म्हणाला. "आणि घट्ट. थेंबभर पाणी आत जायला नको."

अट्रॅक्टाने त्याला सात मिलिमीटरचे मोजे दिले. "मूठ मिटा. उघडा. मिटा. वीस वेळा करा बघू."

बाराव्या वेळेला डॉक्टरसाहेबांचा दम गेला.

"आणि पाण्यात असे दोनशे हात मारायचेत," ती म्हणाली. "दाताचं सोडा, मग चमचासुद्धा उचलायचा नाही तुमच्याकडून. काढा ते. तीन मिलिमीटरचे घ्या, लांब मनगटाचे. मोजा बाहीच्या आत गेला पाहिजे, नाहीतर दर हाताला समुद्र आत ओताल. आणि बुटांत काय कोंबलंय?"

"लोकरीचे पायमोजे. आईने विणलेत."

"आईंना माझा नमस्कार सांगा आणि ते मोजे घरी घाला. पायाची बोटं हलवा. हलतायत?"

"नाही."

"मग झालं! बोट हललं तर रक्त फिरतं, रक्त फिरलं तर ऊब येते. थोडं पाणी आत जाऊ दे, तुमच्या अंगानेच ते तापतं. एक माप मोठा बूट घ्या. आणि आधी बूट, मग चेन, मग टोपी, हातमोजे सगळ्यात शेवटी. ते घातल्यावर नाक खाजवायचं नाही आणि बायकोला फोन करायचा नाही."

डॉक्टर गेला तो हसतच. तिच्याकडून बोलणी खाऊन गेलेला माणूस पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतो, हे मी पाहिलंय.

हे सगळं तिला कळतं कसं, याचं मला कुतूहल होतं. एकदा विचारलं. म्हणाली, "कारखान्यात शिकले." बावीस वर्षं तिने मासळीच्या कारखान्यात बांगडे साफ केले, बर्फाच्या हौदासमोर उभं राहून. कोणाच्या मोज्याने हात वाचतात आणि कोणाच्या मोज्याने जातात, हे तिथल्या बायका एकमेकींच्या बोटांवरून सांगायच्या. कारखाना सोडला तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. लोकांना वाटलं, आता बाई चुलीपाशी बसेल. ती गेली थेट समुद्रात. का, तर म्हणे, "बावीस वर्षं गार पाण्याने माझ्याकडून काम करून घेतलं. आता जरा मजाही देऊ दे."

आज ती त्रेसष्ट वर्षांची आहे.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. ती पाण्यातून आली आणि नेहमीसारखी माझ्या खिडकीशी उभी राहिली. मी पत्र्याच्या कपात चहा दिला. तिने दोन्ही हातांनी कप धरला आणि लाटांबद्दल बोलत राहिली. बोलतेय, बोलतेय. पत्र्याचा कप तो, माझ्या राकट हातालाही सेकंदभर धरवत नाही. मी म्हटलं, "अगं बाई, भाजत नाही का तुला?" तिने खाली पाहिलं. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. कप ठेवला तेव्हा तीन बोटांना फोड आले होते आणि तिला पत्ता नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं. थंडीने बोटांतलं रक्त आटतं, हे कारखान्यापासूनचं दुखणं आहे, आता वाढलंय. आणखी असं झालं तर बोटांची टोकं जातील. हिवाळ्यात पाणी बंद.

अट्रॅक्टाने घासाघीस केली. सहा जानेवारीपर्यंत सवलत मागितली. सहा जानेवारीला आमच्याकडे बायकांचा नाताळ असतो. त्या दिवशी बाई घरात काडी इकडची तिकडे करत नाही, सगळं पुरुषांनी करायचं. आमच्या गावच्या बायका सकाळी फळ्या घेऊन समुद्रात जातात. ही चाल अट्रॅक्टानेच पाडली. ती म्हणाली, "तेवढा एक दिवस. हात साथ देत नसतील, तर त्या दिवशी फळी विकून टाकीन." हे सांगताना ती हसत होती, आणि मला तिचं ते हसणं अजिबात आवडलं नाही.

डिसेंबरभर तिने नुसते प्रयोग केले. दुकानासमोर मासळीची पेटी ठेवली, त्यात समुद्राचं पाणी. रोज एक नवा मोजा घालायचा, दहा मिनिटं हात बुडवायचे, मग मोजा काढून तिच्या मोटारीची किल्ली कुलपात फिरवायची. किल्ली फिरली तर मोजा पास. तीन मिलिमीटर नापास. पाच नापास. आत लोकर लावलेला पाच, तोही नापास. शेवटी सात. सात घातले तेव्हा तर किल्ली बोटांतून निसटून पेटीत पडली. ती तिथेच बसली, पेटीच्या कडेवर. मी तळण सोडून बाहेर आलो.

मला काही तिच्या धंद्यातलं कळत नाही. माझी नजर तिच्या मनगटावर गेली. तिथे लाल वळ उठला होता, दोरी बांधून सोडल्यासारखा.

"तुझ्या हाताचं माप काय गं?" मी विचारलं.

"स्मॉल."

"कधी घेतलं होतंस?"

"घ्यायचं काय त्यात? कारखान्यापासून स्मॉलच घालते मी."

"अख्ख्या गावाचे हात तू बादलीत घालतेस. तुझा हात कोणी घातला?"

"मालाकी, तुझे बटाटे करपतायत."

"करपू दे. ही अंगठी गळ्यात का घालतेस, ते सांग."

तिचा नवरा फिंटन जाऊन आठ वर्षं झाली. लग्नाची अंगठी तिने बोटातून काढून गळ्यातल्या साखळीत कधी ओवली, ते मला नीट आठवत होतं, कारण तेव्हा गावात फार कुजबुज झाली होती. दोन वर्षांपूर्वी. लोक म्हणाले, विसरली फिंटनला.

तिने गळ्यातली साखळी मुठीत धरली. मग म्हणाली, "बोटात जात नव्हती."

मी तिच्याच गल्ल्यामागची मापपट्टी आणली. हात सरळ धर म्हटलं, तर ती चिडून म्हणाली, "पट्टी उलटी धरलीयस, गाढवा." पण हात पुढे केला. तिचा हात मी पहिल्यांदाच नीट पाहिला. सांधे सुजून गाठी झालेले, करंगळी वाकडी. माप आलं पुरुषांचं लार्ज. ज्या चुकीवरून तिने गावभर माणसांना फैलावर घेतलं, तीच ती स्वतः करत होती. गारठा वाढला की मोजा जाड करत गेली, माप मात्र तरुणपणचंच.

"आणि ते पण घे," मी दाराच्या मागे लोंबणाऱ्या मोज्यांकडे बोट केलं. तीन खणांचे होते ते. एक अंगठ्याला, एक पहिल्या बोटाला आणि उरलेली तीन बोटं एकाच खणात. ती त्यांना खेकड्याच्या नांग्या म्हणायची. वर्षानुवर्षं कोणी घेतले नव्हते, दिसायलाच ते इतके बेढब होते.

"नांग्या लावून जाऊ? सगळ्या बायका हसतील."

"बोटांना बोटांची ऊब मिळते, हे कोण सांगत असतं गिऱ्हाइकांना?"

"तुझं तोंड बंद ठेवायला काय घेशील?"

सहा तारखेला वारा पडला होता आणि बर्फाचे बारीक कण उडत होते. अकरा बायका पाण्यात गेल्या, त्यातली एक नांग्या लावलेली. हसल्या की. मला खिडकीतून ऐकू येत होतं. मी अकरा कप मांडले, रिवाजाप्रमाणे धुणार पण मीच. चाळीस मिनिटं झाली. माझं सगळं लक्ष त्या दोन काळ्या नांग्यांवर होतं, एका माशाचा कोळसा झाला तरी कळलं नाही.

ती शेवटी आली. नांग्या दातांनी ओढून काढल्या. बोटं लाल होती, पण गारठ्यात कोणाचीही लाल दिसतात, त्यावरून मला काय कळणार? डॉक्टरीणबाई त्या अकरांतल्याच एक. त्याही बघत उभ्या राहिल्या. मी चहा ओतला, अगदी उकळता, आणि पत्र्याचा कप तिच्यापुढे सरकवला.

तिने दोन्ही हातांनी कप धरला.

"आई गं!" कप फळकुटावर आदळला, निम्मा चहा माझ्या अंगावर. "मेल्या मालाकी, चहा देतोस की तळणीतलं तेल? माणसं मारायचीयत का तुला?"

बोटं झटकत ती मला आणखी बरंच काही बोलली. सव्वीस वर्षांत मला कोणी इतक्या सुरेख शिव्या दिल्या नव्हत्या. माझे डोळे भरून आले, ते मी कढईच्या धुरावर ढकललं.

"भाजलं का?" मी विचारलं.

"भाजलं म्हणजे काय! चांगलं भाज..." ती तिथेच थांबली. आपल्या बोटांकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मग कप पुन्हा जवळ ओढला आणि एकेक बोट त्याला हळूच लावून बघायला लागली, दहाच्या दहा.