पाय धुण्याचा कार्यक्रम

"मुलींच्या चपला गोळा करा आणि स्टोअरमध्ये टाका," सर म्हणाले. "आणि आज कुणाला पाय धुऊ देऊ नका. धुतलेलेच पाय पाहुण्यांसमोर ठेवायचे का?"

बत्तीस मुली. बत्तीस जोड. मी पोत्यात भरले, कुलूप लावलं. मग मुलींना पाण्याच्या टाकीजवळच्या चिखलातून एक चक्कर मारायला लावली. तेही सरांनीच सांगितलं होतं. मुलींना मजा वाटली. मला नाही, पण मी केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला मोठं करू नये.

अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसतिगृह होतं. सर म्हणजे तिथले संचालक. मी अकरा वर्षं वॉर्डन. वॉर्डन म्हणजे उवा काढायच्या, ताप बघायचा, पहिली पाळी आलेल्या पोरीला बाजूला घेऊन समजवायचं. काळ्या मातीत खेळून मुलींच्या टाचांना भेगा पडतात. दर शनिवारी मी एकेकीचा पाय मांडीवर घेऊन वज्रीने घासत असे.

दर मार्चमध्ये परदेशातल्या एका चर्चची टीम यायची. दहा दिवस सेवा करायला. मार्चच का, तर तेव्हा त्यांच्या कॉलेजला सुट्टी. आमच्या मुलींची परीक्षा तोंडावर असायची, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांचे टीशर्ट सारखे. आल्या आल्या मुलींच्या छातीवर स्टिकर चिकटवायचे. ग्रेस. जॉय. होप. "आपली नावं त्यांना जड जातात," सर म्हणाले. जडच. बारा तास विमानात बसता येतं, पण 'चांदणी' म्हणता येत नाही.

मी घातलेल्या घट्ट वेण्या ते सोडायचे. मोकळे केस फोटोत छान दिसतात. एकमेकींच्या डोक्याला डोकं लावून फोटो. टीम गेली की पंधरा दिवस मी फणी घेऊन बसायची. चार-दोन उवा विमानाने गेल्या असतील, एवढंच माझं समाधान.

कुणाला वाटेल, हिला त्यांच्या धर्माचा राग. मी स्वतः ख्रिस्ती आहे, जन्मापासून. आमच्या चर्चच्या मंडळीतही पाय धुण्याचा विधी होतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले. पण त्याला त्या बाराही जणांची नावं माहीत होती.

आणि आमच्या मुली अनाथ नव्हत्या. चौघींना कुणी नव्हतं. बाकीच्यांचे आईबाप जिवंत होते, संत्र्याच्या बागेत नाहीतर वीटभट्टीवर राबत होते. पोरगी शिकावी म्हणून त्यांनी इथे ठेवलेली. महिन्याचा दुसरा रविवार भेटीचा. टीम असली की भेट रद्द. आई असलेल्या मुलीसाठी विमानाचं तिकीट कोण काढतं?

आदल्या वर्षी चांदणीची आई मोर्शीहून आली होती. मी फाटकाच्या आतूनच सांगितलं, पाहुणे आहेत, पुढच्या महिन्यात या. ती तासभर उन्हात बसली आणि गेली. मी खिडकीतून बघत होते. किल्ली माझ्याच कमरेला होती.

चपला गोळा केल्या त्या वर्षी टीमचा शेवटचा दिवस नेमका भेटीच्या रविवारी आला. मुली खुर्च्यांवर ओळीने बसवल्या. समोर प्लास्टिकचे टब. मी खांद्यावर टॉवेल घेऊन उभी. मेगन नावाची विशीतली मुलगी चांदणीसमोर गुडघ्यावर बसली. माईक घेऊन रडत बोलली. सरांनी मराठी केलं.

"ती म्हणते, या मुलींचे पाय आजवर कुणी प्रेमाने हातात घेतले नसतील."

बत्तीस मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी टॉवेलची घडी सारखी केली.

चांदणी तेवढ्यात खिदळली. "बाई, हे गुदगुल्या करून राहिली मले!"

सगळ्या हसल्या. आणि फाटकावरून हाक आली.

"चांदणे! अवो चांदणे!"

चांदणी अर्धी उठली. पाय मेगनच्या हातात.

मेगनने सरांना विचारलं, "हू इज चांदणी?"

दहा दिवस तिला मांडीवर घेऊन बसत होती ही. तिचाच पाय हातात धरून विचारत होती.

सर इंग्रजीत म्हणाले, गावातली एक बाई आहे, खायला मागायला येते. तेवढं इंग्रजी मला कळतं. मग मराठीत, हळूच, "ग्रेस, बसून राहा." आणि मला, "बाई, पोळीभाजी द्या आणि कटवा तिला."

चांदणी बसली. दहा वर्षांची पोर. आईच्या हाकेला ओ द्यायची की नाही, हे माझ्या तोंडाकडे बघून ठरवत होती. मीच शिकवलं होतं तिला ते.

मी टॉवेल टाकला. फाटकाशी गेले.

"कावून उभं ठेवलं मले?" आई कडाडली. "पोरगी दिसून राहिली तिकडं, अन् तुमी कुलपं लावून बसल्या! मी मेली काय?"

"नाही मेल्या, माय. चाला आत."

मी तिला ओळीच्या मधून नेलं, माझ्या खुर्चीवर बसवलं. चांदणी टब लाथाडून तिच्या गळ्यात पडली. सरांच्या पॅंटवर पाणी उडालं.

"हर मदर," मी मोठ्याने म्हणाले. "नॉट डेड."

मग मेगन आणखी जोरात रडली, फोन वर आले, आणि तोच टब ओढत तिने आईपुढे आणला. म्हणजे हाही फोटो.

आईने पाय साडीत ओढून घेतले. "नाही वो पोरी. माये पाय मले धुता येते." मग तिचं लक्ष चांदणीच्या पायांकडे गेलं. "अन् हिचे पाय कायनं भरले इतके? बाई, तुमी त दर सनवारी घासता नं? पोरगी सांगते मले."

मेगनने सरांना विचारलं, काय म्हणतेय ती?

"शी इज थँकिंग यू," सर म्हणाले.

"नो," मी म्हणाले. शाळेतलं सगळं इंग्रजी गोळा करून सांगितलं. हे पाय काल स्वच्छ होते. आज आम्ही चिखलात घातले. तुम्हाला धुवायला मिळावेत म्हणून.

सायंकाळी त्यांनी प्रार्थनासभा घेतली. आपल्याला किती वाईट वाटलं यावर. आपल्याला म्हणजे त्यांना.

दुसऱ्या दिवशी सरांनी माफीनामा पुढे केला. मी त्यावर सही केली नाही. दुसरा कागद घेतला आणि बत्तीस मुलींची खरी नावं लिहिली, प्रत्येकीपुढे आईचं नाव, बापाचं नाव, गाव, जिवंत की नाही. अमरावतीला बालकल्याण समितीत देऊन पोच घेतली. चौकशी सुरू झाली. माझी नोकरी गेली.

आता अकोल्याला एका वसतिगृहात आहे. परवा एका कंपनीतून फोन आला. आपलीच माणसं, आपलीच भाषा.

"मॅडम, साहेबांच्या मुलीचा वाढदिवस अनाथ मुलींसोबत करायचाय. केक आम्ही आणतो. फक्त मुलींना नवे कपडे नका घालू, प्लीज."

"इथे सदतीस मुली आहेत. पस्तीसजणींना आई आहे," मी म्हणाले. "साहेबांची मुलगी दर रविवारी अभ्यासाला आली तर चालेल. कॅमेरा नको."

तो हसला. "एकच दिवस हो, मॅडम!"

"मग नको."

संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं. मोठी देणगी गेली, कळतंय का तुम्हाला? कळतं. या उन्हाळ्यात त्या पैशांचे कूलर येणार नाहीत, मुली घामात झोपतील, तेही कळतं. त्यांच्यासोबत मीही झोपेन. पण जिची आई जिवंत आहे ती मुलगी कुणाच्या केकसाठी अनाथ होणार नाही. मला काढायचं तर काढा. पस्तीस आयांचे नंबर माझ्याकडे आहेत. निघण्याआधी एकेकीला फोन करून सांगेन, का काढलं ते.