कमान, नळ आणि कोरम

गावकीच्या कामात किस्से जमवावे लागत नाहीत. ते धुळीसारखे अंगावर येऊन बसतात, आणि घरी येऊन कितीही झटकलं तरी ओढणीत दोन-चार राहतातच. लग्न होऊन दौंडला आले तेव्हा माझ्या सामानात भांडी कमी आणि किस्से जास्त होते.

आमची संस्था तीन माणसांची. नलूताई प्रमुख. आबांकडं जीप आणि भोंगा. आणि मी कोपऱ्यात बसून सगळं बघणारी. ऑफिस शिक्रापुरात, टायरच्या दुकानाच्या वर. दारावर मोठी पाटी आहे, 'लोकशाही ते विकास'.

एकदा कंपनीतला एक परप्रांतीय कामगार बॅग घेऊन जिना चढून वर आला. पाटीकडं बघून म्हणाला, "मॅडम, ये बस कितने बजे छूटेगी?"

नलूताईंनी मान वर केली नाही. "अभी खडी है, भैया. सवारी भर रही है."

*

आमचं पहिलं काम निघालं ते माझ्याच माहेरच्या गावात. गावाला नळ आहे, पण हायवेच्या पलीकडच्या माळवस्तीला नाही. तिथल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन, रस्ता ओलांडायला ट्रक थांबायची वाट बघत उभ्या राहतात. ट्रक थांबत नाहीत.

पहिल्या दिवशी वस्तीवर गेलो तर हौसाकाकूंनी दारातच अडवलं.

"कोन्त्या पार्टीच्या तुमी?"

"कोणत्याच नाही," नलूताई म्हणाल्या.

"म्हंजी इलेक्शन झाल्यावरबी येनार?"

"येणार की. दर आठवड्याला."

काकूंचा चेहरा पडला. "एकदा आलात तर पानी पाजीन, ताई. दर आठवड्याला कुठनं आनू?"

*

नळाचा ठराव ग्रामसभेत व्हायला हवा होता. त्यासाठी माणसं यायला हवी होती. आबा म्हणाले, "माणसं मी आणतो." त्यांनी जीपवर भोंगा बांधला आणि गावभर फिरले.

सभेच्या दिवशी बघतो तर देवळापुढं ही गर्दी! सगळे पांढऱ्या टोप्या घालून, माना खाली घालून बसलेले. कोणी चकार शब्द बोलेना. नलूताई खूश झाल्या. तेवढ्यात एक म्हातारा हळूच मला विचारतो, "पोरी, सावडायचं कवा हाय?"

आबांचा भोंगा गावात इतकी वर्षं मयताच्या निरोपालाच फिरत आला होता. सूर तोच, सुरुवातही तीच, "कळविण्यास अत्यंत..." पुढचं कोणी ऐकलंच नव्हतं.

कोणी गेलं नाही म्हटल्यावर गर्दी पाच मिनिटांत पांगली. जाताना एक जण तर नाराजच दिसला.

*

तेव्हा सरपंच आप्पांना एक गोष्ट नीट कळली. ग्रामसभेला पुरेसे मतदार नसले की कोरम होत नाही, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमच लागत नाही. आप्पा आणि त्यांची चार माणसं बसली तरी ठराव पास.

आप्पांचा ठराव ठरलेला होता. गावच्या फाट्यावर कमान. तिचं चित्र ते मोबाइलमध्ये घेऊन फिरत. दोन बाजूंना दोन हत्ती, वर कळस, मधोमध त्यांच्या वडिलांचं नाव. एकाच निधीतून एक तर कमान होणार होती, नाही तर वस्तीचा नळ.

हौसाकाकूंनी ते चित्र फार मन लावून पाहिलं. "हत्ती झ्याक हायेत, आप्पा. पानी कुठं पित्यात?"

*

मग नलूताईंनी महिला सभा बोलावली, पण सांगितलं हळदीकुंकू आहे म्हणून. वाण मिळाल्याशिवाय बाई उठत नाही हे त्यांना पक्कं माहीत. ते वाण त्यांनी मांडीखाली दाबून ठेवलं आणि नळाची मागणी मंजूर होईपर्यंत काढलं नाही.

ग्रामसेवक भाऊसाहेब नोंद करायला कोपऱ्यात बसले होते. शेवटी त्यांनाही वाण द्यावं लागलं, चहाची गाळणी. पंचायतीत अजून तीच वापरतात.

*

मधेच इथली, दौंडची एक गोष्ट सांगते. परवा सासूबाईंनी विचारलं, "मतदान तर पाच वर्षांनी असतं ना? मग तुम्ही मधल्या वेळात काय करता?"

आमचं काम इतक्या नेमक्या शब्दांत नलूताईंनासुद्धा कधी सांगता आलेलं नाही.

*

आता माझं लग्न. पहिली पत्रिका देवापुढं ठेवली, दुसरी आप्पांना दिली. तिथंच घोळ झाला. चार दिवसांनी पंचायतीच्या फळ्यावर ग्रामसभेची नोटीस लागली. दिवस माझ्या लग्नाचा, वेळ मुहूर्ताच्या जरा आधीची. सगळी माळवस्ती माझ्या मांडवात असणार, कोरम होणार नाही, सभा तहकूब, आणि पुढच्या खेपेला हत्ती.

लग्न गावातच, शाळेच्या मैदानावर होतं. मुहूर्ताआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघाला. नलूताई माझ्या खोलीत आल्या. माझ्या एकाच कानात झुबा होता.

"चल. नवरीनंही पाया पडायचं."

आई म्हणाली, "नवरी मारुतीला कवा गेलीया?"

"आजपासनं," नलूताई म्हणाल्या.

ग्रामसभा मारुतीच्या पारावरच होती. आप्पा, भाऊसाहेब आणि दहा-बारा माणसं बसलेली. भाऊसाहेबांनी 'तहकूब' म्हणायला तोंड उघडलं आणि बँड पारापाशी आला. मागं सगळं वऱ्हाड, माळवस्तीच्या बाया, हौसाकाकू, एका कानातल्यासकट मी. सगळे पारावर चढले आणि बसले. बँडवाले जागा मिळाली म्हणून बसले.

भाऊसाहेब म्हणाले, "हजर मतदारांनी हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले.

"गावचेच हात ठेवा. बँडवाल्यांनी खाली घ्या. दौंडकरांनीबी खाली घ्या."

दौंडच्या रेल्वे कॉलनीतली, नवरदेवाकडची सगळी मंडळी नाइलाजानं हात खाली घेऊ लागली. बाशिंग सावरत नवरदेवानंही घेतला. भाऊसाहेबांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि आप्पांच्या कानाशी वाकले. पण त्यांचं कुजबुजणंही सगळ्या पाराला ऐकू येतं. "बरोब्बर कोरमापुरते हायेत, आप्पा. एक जरी कमी झाला तरी..."

आप्पांनी सगळ्या हातांवरून नजर फिरवली आणि ती माझ्या हिरव्या चुड्यावर येऊन थांबली. हौसाकाकूंनी माझा दुसरा हात घट्ट धरला.

"पोरी," आप्पा मायेनं म्हणाले, "तूबी घे की खाली. तू आता दौंडची."

गावात माझा आवाज त्या दिवसापर्यंत कोणी ऐकला नव्हता.

"अजून अक्षता पडल्या न्हाईत, आप्पा."