आल्यावर सांगजो

प्रल्हादभाऊ गेले त्या सकाळी मी त्यांच्यासाठी चहा ठेवला होता. कारंज्याहून तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊन ते आमच्याकडे वाशीमला येणार, हे त्यांच्या बायकोकडून कळलं होतं. नाश्त्याच्या सुमारास मी फोन केला, निघाले का म्हणून विचारलं. "नाई ना ताई, घरीच हाओ," ते म्हणाले. मागून ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता, वारा फोनमध्ये घोंघावत होता. मला हसू आलं. घरीच आहे म्हणाले म्हणजे माणूस अर्ध्या वाटेत पोचलेला आहे, हे मला ठाऊक होतं. थोड्या वेळानं मी गॅस पेटवला. चहा उकळला, निवला, पुन्हा गरम केला... त्यांचा फोन नुसता वाजत राहिला. शेवटी एका अनोळखी माणसानं तो उचलला. मंगरूळपीरच्या अलीकडे त्याचं चहाचं हॉटेल होतं. मोटारसायकलवाले भाऊ घाबरं होतंय म्हणत बाकावर बसले, पाणी मागितलं आणि तसेच कलंडले, असं त्यानं सांगितलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. शेंगांची पिशवी हँडलला तशीच लटकलेली होती म्हणे.

महिना उलटून गेला, तरी मला स्वस्थ बसवत नाही. भांडी घासता घासता हात थांबतात. खाली फाटक वाजलं की मी खिडकीशी जाते. हा माणूस येण्याआधी कधी सांगायचाच नाही, त्यामुळे तो आता येणार नाही हे मनाला कसं पटवावं ते कळत नाही. ही न सांगता येण्याची सवय त्यांना जन्मजात नव्हती. ती आमच्या कंपनीनं लावली.

कंपनी म्हणजे वाशीमला एका हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल. शेतकऱ्यानं मोबाइलवर ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, मळणीचं थ्रेशर मागवायचं आणि ते त्याच्या शेतात हजर व्हायचं, असा तो धंदा. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. मालक पुण्याचा, तिशीतला. मला नुसतं रोहन म्हणा, इथं कुणी साहेब नाही, असं त्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं. वाशीमच्या जिभेला ते काही झेपेना, म्हणून आम्ही त्याला रोहनसर म्हणू लागलो. हॉलमध्ये खुर्च्या कमी आणि रंगीत मऊ गाद्या जास्त. त्यांच्यात बसलं की उठायला दोन माणसं लागायची. मीटिंग उभ्यानं घ्यायची, कारण उभा माणूस कमी बोलतो असं रोहनसरांचं मत. ते स्वतः मात्र उभ्यानं तास तास बोलत. आज थ्रेशर, पुढच्या महिन्यात ड्रोननं फवारणी, त्याच्या पुढच्या महिन्यात बियाणं... एक काम हाताला बसतंय न बसतंय तोच दुसरं. एका घरात दहा पाहुणे आणि चुलीवर काहीच नाही, तशी आमची गत. यंत्रवाल्यांशी धड बोलणी झालेली नसायची आणि आमच्याकडे फोन खणखणत असायचे.

फोनवर आम्ही दोघं. मी आधी एका कॉम्प्युटर क्लासात होते आणि प्रल्हादभाऊ कारंज्याच्या कृषी केंद्रात. माणूस बोलका, चेष्टेखोर आणि शब्दाला पक्का. वडील लवकर गेले म्हणून ते इंझोरीला मोतीराममामांकडे वाढले होते. मामांना मूलबाळ नव्हतं. भाऊंचं सगळं बालपण मामांच्या खांद्यावर गेलं, असं ते स्वतःच सांगत. त्यामुळे कंपनीत लागल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर इंझोरीत जाऊन घरोघरी आमचं ॲप मोबाइलात टाकून दिलं. इंझोरीत वर्षानुवर्षं कारंज्याच्या सलीमभाईंचं थ्रेशर यायचं. यंदा सलीमभाईले नको सांगजा, आपलं मशीन येईन, असं भाऊंनी मामांना सांगितलं. मामांनी ऐकलं. त्यांच्यामागून गावातल्या आणखी काही जणांनी ऐकलं. सलीमभाई दुसऱ्या गावाकडे निघून गेले.

सोयाबीन कापून मामांच्या वावरात त्याची गंजी, म्हणजे सुडी, लागली होती, वर ताडपत्री. आभाळ भरून आलं होतं. भाऊ सकाळपासून स्क्रीनसमोरून हलले नाहीत. आमच्या स्क्रीनवर नकाशा असायचा आणि त्यावर थ्रेशरचं छोटं हिरवं चित्र सरकत असायचं. ते चित्र कारंजा सोडून इंझोरीच्या रस्त्याला लागलं, तसे भाऊ खूश झाले. मामांना फोन लावून म्हणाले, "मामा, मशीन वाटेवर हाये. येऊनच राह्यलं. ताडपत्री काढून ठेवा."

मामांनी ताडपत्री काढली. मजूर सुडीभोवती उभे राहिले. हिरवं चित्र गावाच्या वेशीपर्यंत आलं आणि तिथंच घुटमळत राहिलं. भाऊ दर थोड्या वेळानं गावी फोन करून तेच सांगत होते आणि मला मान हलवून दाखवत होते, आलंच म्हणून. पाऊस आला, यंत्र आलं नाही. पुन्हा झाकेपर्यंत सुडी आतपर्यंत भिजली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी उभ्या मीटिंगमध्येच विचारलं, मशीन वेशीवरून परत काहून गेलं. ॲप बनवणारा पोरगेला इंजिनिअर खाली बघत म्हणाला, कालच्या दिवशी तिकडे मशीन ठरलंच नव्हतं. मग चित्र कसं सरकलं, भाऊंनी विचारलं. रोहनसरांनी समजावून सांगितलं... ग्राहकाचा जीव टांगणीला लागू नये म्हणून ते चित्र अंदाजानं आपोआप पुढे जातं, तशी सोयच केलेली आहे. अगदी मायेनं बोलत होते, काही चूक झाली आहे याचा त्यांच्या चेहऱ्यावर पत्ता नव्हता. मला आजही त्या मायेची चीड येते. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं. भाऊ भांडले नाहीत. "साहेब, माह्या मामानं त्या चित्रावर ताडपत्री नाई काढली. माह्या शब्दावर काढली," एवढंच म्हणाले, पाण्याची बाटली उचलली आणि जिना उतरून गेले. कंपनी पुढे उन्हाळ्याआधीच बंद पडली. त्या मऊ गाद्या बरेच दिवस काचेतून दिसत होत्या.

मामा एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं भाऊ नेहमी म्हणत. काही दिवसांनी त्यांनी भीतभीत फोन केला, दिवाळीले येतो म्हणून. मामा म्हणाले, "आल्यावर सांगजो." रागानं नाही, अगदी साध्या आवाजात. पण ते वाक्य भाऊंच्या आत कुठंतरी जाऊन बसलं ते निघालंच नाही.

तेव्हापासून या माणसानं येतो, निघालो, वाटेवर आहे हे शब्दच टाकून दिले. सलीमभाईंकडे जाऊन त्यांनी माफी मागितली आणि त्यांच्याच थ्रेशरवर कामाला लागले. शेतकरी फोन करून थकायचे, भाऊ घरीच हाओ म्हणायचे. आणि मग एकदम यांचाच फोन, वावराच्या धुऱ्यावर उभा हाओ, गडी बोलवा. सलीमभाई हसून म्हणायचे, भूत परवडलं, निदान पैंजण वाजवत येतं. त्यांच्या बायकोचा, वंदनावहिनींचा, मात्र जीव मेटाकुटीला यायचा. भाकरी केव्हा टाकावी ते त्या बाईला कधी कळलं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, भाऊ, अहो रस्त्यात आहे म्हणायला काय जातं? ते म्हणाले, "रस्त्यात असनं काही खरं नाई ताई. पोचनं खरं." त्या दिवशी ते पोचलेच नाहीत, तेव्हा ते वाक्य मला आठवलं आणि मला त्यांचा फार राग आला. वाटेवर आहे म्हणाले असते तर उशीर झालेला मला लवकर जाणवला असता का? डॉक्टर म्हणतात, काही फरक पडला नसता. माझं डोकं ऐकत नाही.

तेरवीला मी कारंज्याला गेले. मोतीराममामा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. शेवटचं बोलणं माझ्याशी झालं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, काय म्हणे तो. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. घरीच हाओ म्हणाले, मी सांगितलं. मामा हाताचे तळवे चोळत राहिले.

"ते म्याच शिकवलं त्याले," ते म्हणाले. "मले वाटलं, एखाद दिवशी पुन्हा म्हणन, मामा, वाटेवर हाओ..." थोडा दम घेऊन ते म्हणाले, "म्या पुन्हा ताडपत्री काढली असती पोरी."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. मंगरूळपीरच्या अलीकडे ते हॉटेल आलं, बाकावर दोन माणसं चहा पीत बसली होती, आणि हॉटेल मागे गेलं. तेवढ्यात माझ्या मुलीचा फोन, कुठं आहेस गं? कंपनी सुटल्यापासून मीही ते शब्द टाळतेच. तोंडावर आलं होतं, आले की सांगते. पण म्हटलं, "वाटेवर आहे." ती बरं म्हणाली आणि तिनं निवांत फोन ठेवला. मी मात्र वाशीमचा स्टँड येईपर्यंत सीटच्या कडेला बसून होते, पिशवी छातीशी धरून. स्टँडवरून ऑटोही केला नाही, भरभर चालत निघाले. दारात पाय ठेवला आणि कुणी काही विचारायच्या आत मोठ्यानं म्हटलं, आले गं.