परेडच्या दिवशीच्या पालकपुऱ्या

इंदूरला टीव्ही आला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण दिल्लीला गेली. सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये कॉलेजच्या मुलींची एक तुकडी चालायची. तिच्यासाठी आमच्या भागातून चार मुली निवडल्या गेल्या, त्यांत ताई होती. मी तेव्हा दहावीत होते.

बाबांनी आधी साफ नाही म्हटलं होतं. आमचे पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते आणि त्यांचा मंदील घातलेला फोटो बाहेरच्या खोलीत होता. बाबा स्वतः बांधकाम खात्यात हेडक्लार्क. घोड्याच्या जवळसुद्धा कधी गेले नसतील. "पोरीच्या जातीने महिनाभर तंबूत राहायचं?" असं ते जेवताना म्हणाले. आई सहसा त्यांना उलटून बोलत नसे. त्या दिवशी ती आमटी वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुमच्या आजोबांचं अर्धं आयुष्य तंबूत गेलं. तिला एक महिना जाऊ द्या."

ताई गेली आणि बाबा पार बदलले. ऑफिसात सांगून झालं, मल्हारगंजमधल्या आमच्या गल्लीत सांगून झालं. परदेशीपुऱ्याला आत्याकडे जाताना टेम्पोत शेजारी बसलेल्या माणसालाही त्यांनी सांगितलं. आमच्याकडे टीव्ही होता, लाकडी पेटीतला, काळा-पांढरा. परेड आमच्याकडेच बघायची, असं सगळ्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं.

परेडला अकरा दिवस होते तेव्हा ताईचं अंतर्देशीय पत्र आलं. वर माझं नाव होतं. मी शाळेतून येत होते, पोस्टमनने ते गल्लीच्या तोंडाशीच माझ्या हातात दिलं. जिन्यात उभं राहून मी ते फोडलं.

"इथे फार थंडी आहे," तिने लिहिलं होतं. "काल शेवटची निवड झाली. मी राखीव मुलींत आहे. म्हणजे कुणी आजारी पडलं तर मी चालणार, नाहीतर नाही. बाबांना लिहायला बसले पण लिहवलं नाही. तुला ठीक वाटेल तेव्हा तूच घरी सांग."

एवढंच. खाली अक्षर थोडं विस्कटलं होतं, पेन अडकल्यासारखं.

मी वर गेले ते सांगायचं ठरवूनच. पण आत समोरच्या घरातली भाभीजी बसली होती. तिच्या नवऱ्याचं धान्याचं दुकान होतं, आणि आईची ती इंदुरातली सगळ्यात जुनी मैत्रीण. दोघींमध्ये कॅलेंडरचं फाडलेलं पान पडलं होतं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर आई पेन्सिलने काहीतरी लिहीत होती.

"ये, बैस," आई म्हणाली. "टीव्ही आपला काळा-पांढरा. त्यावर झेंडा पण काळाच दिसणार. म्हणून म्हटलं, खायला तरी तिरंगी करू. केशरी म्हणजे जलेबी, पांढरी खोबऱ्याची वडी. हिरव्याचं मात्र अडलंय. मटारची कचोरी करावी म्हणत होते."

"कचोरी ऊपर से भूरी होती है," भाभीजी म्हणाली.

"फोडल्यावर हिरवी ना."

बाबा आतून म्हणाले, "झेंडा काय फोडून बघायचा असतो?"

तिघंही हसली. आईला मी इतकं हसताना फार कमी पाहिलं होतं. माझा हात दप्तरात होता, पत्रावर. मी तो रिकामाच बाहेर काढला.

उद्या सांगू असं मी मनाशी म्हटलं. उद्या झाला, परवा झाला. दर दिवशी सांगणं कठीण होत गेलं, कारण आता नुसती बातमी सांगायची नव्हती, इतके दिवस का लपवली तेही सांगावं लागणार होतं. आणि घरात रोज नवीन काहीतरी ठरत होतं. कचोरी जाऊन पालकाच्या पुऱ्या आल्या. भाभीजी गराडू तळून आणणार होती. हा थंडीतला कंद, तुकडे करून तळायचा आणि वर जीरावनाचा मसाला भुरभुरायचा. इंदूरच्या माणसाला त्याच्याशिवाय जानेवारी पुरा वाटत नाही. तो कुठल्या रंगात बसवायचा यावर दोघींची बरीच चर्चा झाली. शेवटी तो पांढऱ्यात गेला.

प्यायला काय, हा वेगळाच प्रश्न होता. केशराचं दूध आणि साधं दूध झालं, पण हिरवं दूध कसं करायचं? भाभीजीने खायच्या हिरव्या रंगाची पुडी आणली. आईने एका कपात चिमूटभर घातला आणि कप मला दिला. त्या दुधाचा रंग हुबेहूब आमच्या शाळेच्या भिंतीसारखा झाला होता. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"एवढं वाईट लागतं?" आईने विचारलं.

"नाही. मला भूकच नाहीये."

"चार दिवस झाले, तू नीट जेवत नाहीस," असं म्हणून तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "आई, एवढ्या मुलींत ताई दिसली नाही तर?"

"दिसेल. तिची चाल मी झोपेतही ओळखेन."

मग ती चक्राच्या काळजीला लागली. निळं खायला काय असतं? जांभळं जूनमध्ये. बाबांनी आपल्या तामचिनीच्या ताटल्यांना निळा काठ आहे हे दाखवून दिलं आणि तो प्रश्न सुटला.

त्या दिवसांत मी एक वाईट गोष्ट केली. आई रोज संध्याकाळी दिवा लावायची तेव्हा मी हात जोडून उभी राहायचे आणि मागायचे की दिल्लीत कुठल्यातरी मुलीला ताप येऊ दे. फार नको, दोन दिवसांचा. नंतर भीती वाटायची की तो ताप ताईलाच येईल. मग मी मागितलेलं परत घ्यायचे.

आदल्या दिवशी बाबा ऑफिसातून आले ते म्हणाले, "बडे साहेब येतायत. मॅडमला घेऊन." आमच्या घरी साहेब कधी आले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या घरी रंगीत टीव्ही होता. "म्हणाले, आपकी बिटिया को आपके ही घर में देखेंगे." हे सांगताना बाबांचा आवाज जरा बारीक झाला. आईने लगेच पडदे उतरवले आणि धुवायला टाकले.

सव्वीसला सकाळी बाबा ऑफिसचं झेंडावंदन आटोपून सायकलवर घाईघाईने परत आले. घरात तळणीचा वास भरला होता. जलेबी आईने हलवायाकडून मागवली होती, पण त्याने केशरी रंग कमी घातला म्हणून ती नाराज होती. सतरंजीवर गल्लीतली माणसं दाटीने बसली होती. साहेब आणि मॅडम आमच्या दोन खुर्च्यांवर. आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

बाबा अँटेना फिरवायला छतावर गेले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, निरोप पोचवायला.

"आलं का?" बाबा विचारायचे. मी खाली ओरडायचे, खालून आई म्हणायची, "नाही अजून." मी मनात म्हणत होते की येऊच नये. चित्र आलं नाही, बिजली गेली, तर कुणालाच काही कळणार नाही. ताई येऊन काय ते सांगेल.

मग खालून आवाज आला, "आलं आलं. एकदम साफ."

बाबा पाइपला तार गुंडाळून घट्ट करू लागले. त्यांच्या नव्या स्वेटरला गंज लागला होता. खालून बँडचा आवाज येत होता आणि साहेब कुणाशी तरी हसून बोलत होते.

"बाबा, ताई आज बहुतेक चालणार नाही."

"म्हणजे?"

पत्र मी फ्रॉकच्या खिशात ठेवलं होतं, ते दिलं. चष्मा खाली राहिला होता, म्हणून त्यांनी ते लांब धरून वाचलं. वाचून झाल्यावर परत पहिल्यापासून वाचलं.

"कधी आलं हे?"

"अकरा दिवस झाले."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

ते रागावतील म्हणून मी कठड्याला धरून उभी होते. त्यांनी तारेचं उरलेलं टोक आत खोचलं, पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "चल खाली."

मला वाटलं ते काही बोलणार नाहीत. गर्दीत एखादी मुलगी दाखवून ही बघा म्हणतील आणि सगळे हो म्हणतील. पण ते टीव्हीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. साहेब होते म्हणून हिंदीत बोलले.

"एक बात बतानी थी. हमारी बेटी रिज़र्व में है. किसी की तबीयत बिगड़ी तो ही चलेगी. शायद आज आप लोगों को दिखेगी नहीं." थोडं थांबून ते म्हणाले, "मुझे अभी मालूम हुआ."

आतल्या दारात आई उभी होती, हातात पुऱ्यांची परात. तिने आधी बाबांकडे पाहिलं आणि मग सरळ माझ्याकडे. मला हे आधीपासून ठाऊक होतं, ते कुणी न सांगता तिला कळलं होतं.

साहेबांच्या मॅडम म्हणाल्या, "तो क्या हुआ. दिल्ली तक तो अपने दम पर गई." साहेबांनी मान हलवली. भाभीजी उठली आणि आईच्या हातातली परात घेऊ लागली, पण आईने दिली नाही. "गरम आहेत तोवर घ्या," असं म्हणत ती स्वतः एकेका ताटलीत पुरी वाढत गेली. माझ्या ताटलीत वाढताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

सगळे खाऊ लागले. पडद्यावर राखाडी उंट, राखाडी रणगाडे, राखाडी झेंडे. मांडीवरच्या ताटल्यांत जलेबी, वडी आणि हिरव्यागार पुऱ्या. माणसं हळूहळू मोकळी झाली, गराडूची तारीफ झाली, झाँकी कुठल्या प्रांताची यावर वाद झाला.

मुलींची तुकडी बऱ्याच उशिरा आली. निवेदकाने नाव घेतलं तेव्हा आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि टीव्हीच्या अगदी काचेजवळ उभी राहिली. मागच्यांना दिसेना, पण कुणी तिला बस म्हणालं नाही. मुली डावीकडून आल्या, मान वळवली, गेल्या. पंधरा सेकंद असतील, फार तर वीस.

"नाही दिसली," आई म्हणाली.

"इतने सारे चेहरे थे, भाभी," कुणीतरी म्हणालं.

"असती तर दिसली असती." आणि ती उरलेल्या पुऱ्या तळायला आत गेली.

पाहुणे गेल्यावर बाबांनी आईला पत्र दिलं. नंतर मी स्वयंपाकघरात गेले. ती कढईतलं तेल गाळत होती.

"बाबांना सांगितलंस," ती म्हणाली. "मला का नाही?"

"तू इतकी खुश होतीस."

"मी खुश होते, म्हणून लोकांसमोर परात घेऊन उभी असताना मला कळू दिलंस." तिने गाळणी खाली ठेवली. "ते पण जाऊ दे. अकरा दिवस ती पोरगी तिथे मनात कुढत असेल. मला ठाऊक असतं तर मी त्याच संध्याकाळी पत्र टाकलं असतं. तिला वेळेवर मिळालं असतं की नाही?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सगळा वेळ आईबाबांचा विचार करत होते आणि त्याचं मला थोडं कौतुकही वाटत होतं. ताईने पत्र पाठवलं म्हणजे तिला उत्तर हवं असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आई चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पाचव्या दिवशी ताई आली. स्टेशनवर बाबा आणि मी गेलो. ती डब्यातून उतरली, बारीक झालेली, ओठ फुटलेले. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांगितलं म्हणून. तिचे खांदे जरा सैल झाले.

बाबांनी तिची ट्रंक उचलली. टांग्यात बसल्यावर त्यांनी विचारलं, "रोज किती चालवायचे तुम्हाला?"

ताईने दचकून पाहिलं. मग सांगू लागली. अंधारात उठवायचे, बुटांत पाय बधिर व्हायचे, परत येईतो टाचा सोलवटलेल्या असायच्या. परेडच्या दिवशी चौघी राखीव मुलींना मागे एका ट्रकजवळ बसवलं होतं, गुडघ्यांवर कांबळी. समोर लोकांची भिंत, काही दिसलं नाही.

"ऐकू तर आलं असेल," बाबा म्हणाले.

"ते आलं. सगळं."

"आमच्याकडे आवाजात खरखर होती." यानंतर ते तिला बूट, कांबळी, जेवण, असं एकेक विचारत राहिले. घर येईपर्यंत परेडमध्ये का नव्हतीस, हे सोडून त्यांनी सगळं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई न्हाऊन छतावर केस वाळवत बसली होती. मी तिच्याजवळ गेले.

"तिथे रोज दुपारी डाक वाटायचे," ती म्हणाली. "मी उभी राहायचे. वाटायचं, तुझं तरी येईल."

"काय लिहावं ते सुचलं नाही."

"काही पण लिहायचं. इकडे पण थंडी आहे, एवढं लिहिलं असतंस तरी चाललं असतं."

ती रागाने बोलत नव्हती. केसांतली गुंत सोडवत होती, आणि ती सुटेना तेव्हा तिने कंगवा माझ्याकडे दिला. मी तिच्या मागे बसले आणि खालच्या टोकापासून, दुखू नये अशा बेताने, विंचरायला लागले.